कॉन्कॉर्डिया हट: जून ते सप्टेंबर तीन मुक्काम, अनुभव

ग्रुपवर सारखं विचारतायत म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. नोकरीमुळे बर्नला असतो, यंदा स्विस आल्पाइन क्लबची मेंबरशिप घेतली (हटमध्ये, म्हणजे डोंगरातल्या मुक्कामाच्या घरात, राहायला सवलत मिळते, खरं तर तेवढ्यासाठीच) आणि 'आलेच' नावाच्या ग्लेशियरवरच्या (हिमनदीवरच्या) कॉन्कॉर्डिया हटला तीनदा राहून आलो. उंची 2850 मीटर. डोंगरातल्या रेल्वेनं वर युंगफ्राउयोख स्टेशनला उतरायचं, रोप बांधायचा आणि बर्फावरून तीनेक तास उतरत चालायचं. बर्फात भेगा असतात, एकट्यानं जायचा विचारही करू नका, मी तिन्ही वेळा गाइडबरोबर होतो. ही रेल्वे 1912 ची, त्याआधीची मंडळी सगळं पायीच!

आता जिन्याचं सांगतो. हट डोक्यावर दिसत असते, वाटतं आलोच, आणि मग कड्याला ठोकलेला लोखंडी जिना सुरू होतो, साडेचारशेच्या वर पायऱ्या. रतनगडाच्या शिड्या चढलेल्याला भीती नाही वाटणार पण पाठीवर सॅक, पायात जड बूट, दम पार निघतो. पहिल्यांदा शिव्याच घातल्या, एवढ्या उंचावर बांधायची हौस कुणाला होती म्हणून. जेवताना गाइडनं सांगितलं आणि मी गप्प. 1877 मध्ये इथे पहिली हट बांधली तेव्हा बर्फ जेमतेम पन्नासेक मीटर खाली होता. हट होती तिथेच आहे, ग्लेशियर खाली बसलंय, आणि ते बसत गेलं तसतसा जिना खालून वाढवत आणला. आपण बिल्डिंगवर मजले चढवतो, हे खालून पायऱ्या जोडतात. दुसऱ्या खेपेला दम खायला थांबलो तेव्हा कडा नीट बघितला, खालचा दगड घासूनपुसून गुळगुळीत, फिकट, आणि वर गेलं की काळपट, शेवाळाचे डाग असलेला.

बाकी हट मस्त. बूट खाली काढायचे, स्लीपर घालायच्या, स्लीपिंग बॅगचं आतलं अस्तर स्वतःचं न्यायचं (मी पहिल्यांदा विसरलो, भाड्यानं घेतलं). जेवण सगळ्यांना एकाच वेळी, उशीर झाला तर संपलं. सामान हेलिकॉप्टरनं येतं त्यामुळे पाण्याच्या बाटलीची किंमत बघून रुपयात हिशोब करू नका, सकाळी थर्मासमध्ये चहा भरून देतात तो प्या. हटच्या वहीत नाव आणि पुढे कुठे जाणार ते नक्की लिहा, माणूस हरवला तर शोध तिथूनच सुरू होतो. झोपेचं मात्र विसरा, फिन्स्टरआरहॉर्न शिखरावर जाणारे पहाटे तीनला उठून हार्नेस खळखळवतात.

जूनमध्ये बर्फावरून सरळ पहिल्या पायरीवर पाय ठेवला होता. सप्टेंबरमध्ये त्याच पायरीपाशी पोचायला दगडगोट्यांतून धडपडत चढावं लागलं. गाइड म्हणाला, थोडं हे दरवर्षीचंच, वरचा भुसभुशीत बर्फ वितळतो. मग म्हणाला, पण सगळंच नाही.