४ टीबीची डेस्कटॉप डिस्क, दहा महिन्यांनंतर: भांडण सात सेकंदांचं

नागपुरात धरमपेठेत आमचं हिशेबाचं ऑफिस. नऊ टेबलं, एक असेंबल केलेला सर्व्हर, त्यात उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) आणि रेड-१ मध्ये, म्हणजे दोन्हींवर तीच प्रत ठेवणाऱ्या, दोन डेस्कटॉप डिस्क. गेल्या ऑगस्टमध्ये ही जोडी घेतली. सीताबर्डीचा दुकानदार म्हणाला होता, "सर, सर्व्हरला नॅसवालीच लावा." नॅसवाली म्हणजे सर्व्हरसारख्या सामायिक साठवणीसाठी बनवलेली डिस्क, नगामागे १,९०० जास्त. मी म्हटलं, तीही फिरते, हीही फिरते. ३,८०० वाचले म्हणून घरी कौतुकानं सांगितलंसुद्धा.

आठ महिने एक तक्रार नाही. तेव्हा हा रिव्ह्यू लिहिला असता तर पाच तारे दिले असते.

एप्रिलपासून रात्री दोनच्या बॅकअपला सर्व्हर हँग व्हायला लागला. ऑफिस उघडणाऱ्या काकूंचा सकाळी फोन, "भाऊ, थे मशीन पुन्हा अटकली न बाप्पा." पिंगला (नेटवर्कवरून मारलेली हाक) उत्तर येतं, पण फोल्डर उघडायला गेलं की नुसतं गोल फिरत राहतं. बटण दाबून बंद-चालू केलं की दिवसभर सुतासारखा सरळ. मे महिन्यात तर नेमका २० तारखेला, जीएसटीआर-३बी रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी सकाळी हाच तमाशा.

जो तो म्हणे उन्हामुळं. नागपूरचा मे, पारा ४५ ला, पटलंही. ६५० चा पंखा कॅबिनेटला लावला. मग सर्व्हरचा लॉग, म्हणजे नोंदी, पाहिल्या: हँगच्या वेळी डिस्क ४१ अंशांवर. पंखा फुकट गेला.

लॉगमध्ये एकच पालुपद होतं, रीड एरर आणि लिंक रीसेट (डिस्कशी जोडणी तोडून पुन्हा जोडणं). स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते तिथं, १९९ नंबरचा, केबलवरच्या चुकांचा, आकडा शून्य, म्हणजे केबल ठीक. पण १९७ समोर, पेंडिंग सेक्टर (वाचता न येणाऱ्या जागा), २४. दिवसा आम्ही चालू वर्षाच्याच फायली उघडतो. जुन्या वर्षांच्या फायलींना हात लावणारा एकटा बॅकअप, आणि खराब जागा तिथंच.

सर्व्हिस सेंटरला तीन चकरा. "क्विक टेस्ट पास आहे सर, डिस्क ओके." अहो, ती टेस्ट दोन मिनिटांची! ४ टीबी पूर्ण वाचायला रात्र जाते. लाँग टेस्ट लावा म्हटलं तर पॉलिसीत बसत नाही म्हणे. त्या रात्री एक तारा देऊन इथं भरपूर शिव्या लिहिल्या होत्या. त्या आज खोडतोय, निम्म्या.

कारण डिस्क खराब होती तशी हट्टीही होती. नॅसवाली डिस्क सेक्टर वाचता आला नाही तर साधारण सात सेकंदांत "नाही जमत" सांगून मोकळी होते; रेड लगेच दुसऱ्या डिस्कवरची प्रत घेतं आणि ती जागा पुन्हा लिहून काढतं. माझी डेस्कटॉपवाली दीड-दोन मिनिटं तोच सेक्टर वाचत बसते. लिनक्स ३० सेकंद थांबतं, मग वैतागून लिंक रीसेट करतं, तरी ही उत्तर देईना. दोघांच्या भांडणात सर्व्हर आडवा. हे सात सेकंद पाळायची सोय माझ्या मॉडेलमध्ये नाहीच. १,९०० त्याचेच होते तर! खोक्यावर एका ओळीत छापलं असतं तर मी मुकाट्यानं दिले असते.

मग लिनक्सचा टाइमआउट, म्हणजे थांबायची मुदत, ३० वरून १८० सेकंद केला. बॅकअप मधे दोन-तीन मिनिटं रखडला, पण पुरा झाला. १९७ चा आकडा शून्य. मी लगेच तीन ताऱ्यांवर आलो.

जूनच्या पहिल्या वादळात लाइट गेली, यूपीएसनं मान टाकली, सर्व्हर परत उठला तो ३० घेऊनच. ही सेटिंग रीबूटला टिकत नाही. आठवड्यानं पुन्हा पेंडिंग ८, पुन्हा हँग, पुन्हा काकूंचा फोन. आता स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये टाकलीय. तारे दोन.

परवा त्याच दुकानातून एक नॅसवाली आणली. फरक आता २,३०० झालाय. दुकानदार काही बोलला नाही, बिल फाडताना फक्त हसला. घरी अजून सांगितलेलं नाही.