थाई जेवणाची पारख: सोम तम की हिरवी करी?

परदेशातल्या महागड्या थाई रेस्टॉरंटमध्ये मेन्यूवरच्या लाल मिरच्यांच्या चित्रांवर विसंबू नका. दोन पदार्थ मागवा. दोन्ही वेगवेगळं सांगतात.

तिखटाचा अंदाज सोम तमवरून येतो. कच्च्या पपईची ही कोशिंबीर मागणी आल्यावर मातीच्या खोल उखळीत लाकडी मुसळाने कुटतात आणि मिरच्या लसणाबरोबर सुरुवातीलाच पडतात. त्यामुळे तिखट मोजून मागता येतं: एक मिरची सौम्य, पाच-सहा म्हणजे नाकाडोळ्यांतून पाणी. आधीच कालवून ठेवली असेल तर पपईला पाणी सुटतं, करकरीतपणा जातो. शेंगदाणे आणि सोडे घातलेली ती मध्य थायलंडची. ईसानची, म्हणजे ईशान्य थायलंडची असेल तर आंबवलेल्या माशांचं ‘पला रा’ हवं. त्याचा वास सुकटीची सवय असलेल्यालाही दचकवतो. मेन्यूवर पला रा दिसलं, तर स्वयंपाकघर गिऱ्हाइकाला घाबरत नाही असं समजा.

हिरव्या करीचं वाटण आधीच तयार असतं. ‘अजून तिखट’ म्हटलं की वरून मिरच्या पडतात, एवढंच. पण आचाऱ्याचा हात इथे कळतो. नारळाचं दाट दूध आटवून, तेल सुटल्यावर त्यात वाटण परततात. म्हणून वर हिरवट तवंग हवा. पांढुरका, गोडमिट्ट, पिठासारखा घट्ट रस्सा आणि त्यात ब्रोकोली? छोटी गोल थाई वांगी आणि थाई तुळस कुठे गेली ते विचारा.

एकच मागवायचं तर सोम तम. ‘फेत माक’, म्हणजे खूप तिखट, एवढं म्हणून बघा. वाढप्याने उलट ‘मिरच्या किती?’ विचारलं, तर जागा बरी आहे.