स्टाउट, डंकेल आणि पाइप: पावसाळा ते उन्हाळा, नाशिकमधला अनुभव

पाइपसोबत काळी बिअर जमते का, असं हल्ली ओळखीतले बरेच जण विचारतात. जमते, आणि फार छान जमते. पण हाताला लागेल तो कॅन फ्रीजमधून काढला, फोडला आणि लगेच पाइप पेटवला, तर बिअरचीही चव जाते आणि तंबाखूचीही. गेल्या पावसाळ्यापासून या उन्हाळ्यापर्यंत मी स्टाउट आणि इतर गडद बिअर वेगवेगळ्या तंबाखूंसोबत घेऊन पाहिल्या. बहुतेक शनिवारी रात्री, जेवणाआधी, गंगापूर रोडच्या आमच्या घराच्या गच्चीवर. त्यातून जे मत बनलं ते नेहमीच्या सल्ल्याच्या उलट आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

नेहमीचा सल्ला असा की काळ्या बिअरला काळी, धुरकट तंबाखू. म्हणजे स्टाउटबरोबर लटाकिया. मला हे पटलेलं नाही. लटाकिया ही मूळची सीरियाकडची, आता मुख्यतः सायप्रसमधून येणारी तंबाखू. तिची पानं लाकूड आणि झुडपं धुमसत ठेवून त्या धुरात मुरवतात, त्यामुळे पेटवण्याआधीच तिला शेकोटीचा आणि चामड्याचा वास असतो. स्टाउटचा काळा रंग येतो तो भाजलेल्या बार्लीतून. १८१७ साली डॅनियल व्हीलरने इंग्लंडमध्ये धान्य भाजायच्या फिरत्या पिंपाचं पेटंट घेतलं आणि २०० अंश सेल्सिअसच्या वर, धान्य पेट न घेता, काळंकुट्ट भाजणं शक्य झालं. आजच्या स्टाउटची कॉफीसारखी कडवट चव त्या भाजण्याची. आता एका हातात धुरात मुरलेलं पान आणि दुसऱ्या हातात करपण्याच्या सीमेपर्यंत भाजलेलं धान्य. सुरुवातीचे दोन-तीन घोट झकास वाटतात. त्यानंतर जिभेला फक्त कोळसा कळतो, तंबाखू कुठली आणि बिअर कुठली हे सांगता येत नाही.

कोरड्या स्टाउटला, म्हणजे डब्लिनच्या गिनेसच्या जातीच्या बिअरला, मला सर्वांत चांगली साथ मिळाली ती बर्ली आणि व्हर्जिनिया या दोन तंबाखूंच्या साध्या मिश्रणाची. कारण सरळ आहे. व्हर्जिनियाच्या पानात नैसर्गिक साखर भरपूर असते, बर्लीत ती जवळजवळ नसते पण तिला भाजलेल्या दाण्याचा आणि कोकोचा गंध असतो. कोरड्या स्टाउटमध्ये गोडवा कमी. व्हर्जिनिया तो गोडवा पुरवते आणि बर्ली स्टाउटच्या कडवटपणाशी हात मिळवते. झुरका घेतला, क्षणभर थांबलो आणि मग घोट घेतला की स्टाउटमधला चॉकलेटचा भाग ठळक होतो. नुसती बिअर पिताना तो मला एवढा कधी जाणवला नव्हता.

मग लटाकिया कशाबरोबर? डंकेलबरोबर, म्हणजे जर्मनीतल्या बव्हेरियाच्या गडद बिअरबरोबर. तिथे रंग गडद असतो, पण करपलेपणा नसतो, पावाच्या खरपूस कडेसारखी चव असते. आपल्याकडे एर्डिंगर किंवा वाइहेनस्टेफानची डंकेल मिळते ती गव्हाची, त्यात यीस्टमुळे केळं आणि लवंगेची झाकही असते. लवंग आणि लटाकिया यांचं जे जुळतं ते मला या सगळ्या महिन्यांतली सर्वांत मोठी मिळकत वाटते. धुराला खाली गोड माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याची, बैठक मिळते आणि धूर धुरासारखाच लागतो, राखेसारखा नाही. ज्यांना लटाकिया उग्र वाटते त्यांनी ती एकदा डंकेलबरोबर घेऊन पाहावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पेरिकबद्दल थोडक्यात. अमेरिकेतल्या लुइझियानामध्ये, सेंट जेम्स पॅरिश या एवढ्याशा भागात, पानं पिंपांत दाबून आंबवतात आणि त्यातून मिरी व सुक्या अंजिराचा वास असलेली ही तंबाखू तयार होते. ती व्हर्जिनियात थोडीशी मिसळलेली असली की बेल्जियमच्या गडद बिअरबरोबर अफाट लागते. मी शिमे ब्लूबरोबर घेतली. बाटली ९ टक्के अल्कोहोलची आहे, त्यामुळे दोघांत एक पुरते. शेजारी वाटीत काळ्या मनुका ठेवा. नाशिक जिल्ह्यात त्या चांगल्या मिळतात आणि तिन्ही चवी एका घरातल्या वाटतात.

आता एक गोष्ट जी कुणी फारशी सांगत नाही, ती म्हणजे फेसाळपणा. पाइपने जीभ थोडी हुळहुळते, विशेषतः घाईने ओढला तर. त्यावर जोरात फसफसणारी बिअर आली की झोंबते. गिनेसच्या कॅनमध्ये प्लास्टिकचा एक छोटा गोळा असतो. कॅन फोडला की त्यातला नायट्रोजन सुटतो आणि बिअर मऊ फेसाने भरते. ही युक्ती गिनेसने १९६९ मध्ये पेटंट केली होती. नायट्रोजनचे बुडबुडे बारीक असतात, कार्बन डायऑक्साइड कमी असतो, म्हणून जिभेला चावा बसत नाही. पाइपवाल्यासाठी हा फरक ब्रँडपेक्षा मोठा आहे. कॅन फोडल्यावर वाट न बघता तो मोठ्या ग्लासात एका दमात ओतायचा. आधी सगळा ग्लास तपकिरी दिसतो, कडेने बुडबुडे खाली धावताना दिसतात, मग तळापासून काळा रंग चढत वर येतो आणि शेवटी वर बोटभर दुधट फेस उरतो. तोवर पाइप हातात घ्यायचासुद्धा नाही. साध्या बाटलीतली स्टाउट असेल, उदाहरणार्थ छत्तीसगडच्या सिंबाची, तर मी ती ग्लासात ओतून दहा मिनिटं तशीच ठेवतो. गॅस उतरतो आणि चव खुलते.

तापमानाचंही तेच. आपल्याकडे बिअर म्हणजे दात शिवशिवतील इतकी गार, हे डोक्यात पक्कं बसलेलं आहे. बिअर शॉपीवाला तर 'चिल्ड देऊ ना?' एवढंच विचारतो. लागर गार चांगली लागते, पण गडद बिअरचा सगळा जीव भाजलेल्या धान्याच्या वासात असतो आणि गारठ्यात तो वास उठत नाही. साधारण ८ ते १२ अंशांवर ती बोलू लागते. डिसेंबर-जानेवारीत नाशिकला रात्री गच्चीवर ठेवलेला ग्लास आपोआप त्या टप्प्यात राहतो, आणि म्हणूनच थंडीतले ते शनिवार सर्वांत चांगले गेले. एप्रिलमध्ये उलटं. पाइप संपेपर्यंत बिअर कोमट होते. उन्हाळ्यात मी अर्धा ग्लासच ओततो आणि बाकीची फ्रीजमध्ये ठेवतो.

हवेचा परिणाम बिअरपेक्षा तंबाखूवर जास्त झाला. जुलै-ऑगस्टमध्ये ती ओलसर होते, पुन्हा पुन्हा विझते, आणि पाइपच्या नळीत पाणी साचून गुडगुड आवाज येतो. मार्च उजाडला की तीच तंबाखू कुरकुरीत होते, भराभर जळते आणि जीभ भाजते. आमच्या गल्लीत लष्करातून निवृत्त झालेले एक काका आहेत. देवळाली कॅम्पला असल्यापासून पाइप ओढायचे, आता डॉक्टरांनी बंद केलाय. त्यांनी माझी बरणी उघडून चिमूटभर तंबाखू बोटांत दाबली.

"अरे, ही सुटतेय बघ लगेच. दाबली की गोळा व्हायला हवा आणि सोडला की हळूहळू उलगडायला हवा. इतकी कोरडी ओढू नकोस."

"मग काय करू, काका? बटाट्याची फोड टाका म्हणतात बरणीत."

"बटाट्याने बुरशी धरते. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडव, घट्ट पिळ, झाकणाला आतून लाव आणि एक रात्र ठेव. सकाळी काढून टाक."

तेव्हापासून सगळी तंबाखू घट्ट झाकणाच्या काचेच्या बरण्यांत आहे आणि दोन-तीन दिवस आधी मी काकांची ती चिमटीची परीक्षा घेतो. पावसाळ्यात उलट, ओढायच्या आधी तंबाखू अर्धा तास कागदावर पसरून ठेवतो.

पाइपबद्दल. ब्रायर म्हणजे भूमध्य सागराच्या भागात वाढणाऱ्या एका झुडपाच्या बुंध्याची गाठ. ती उष्णता सोसते आणि ओल शोषते, म्हणून बहुतेक चांगले पाइप तिचेच. पण ती वासही धरून ठेवते. लटाकिया ओढलेल्या पाइपात पुढच्या खेपेला व्हर्जिनिया भरली तरी धुराचाच वास येतो. म्हणून लटाकियासाठी पाइप वेगळा ठेवायचा. नवी तंबाखू तपासायला मी मक्याच्या कणसाचा पाइप वापरतो. अमेरिकेतली मिझुरी मीरशॉम कंपनी १८६९ पासून हेच बनवते. हलका असतो, स्वस्त असतो आणि पहिल्या दिवसापासून गोड लागतो. पावसाळ्यातल्या गुडगुडीवर मला उत्तम उपाय सापडला तो डब्लिनच्या पीटरसनचा सिस्टिम पाइप. त्याच्या दांड्यात ओल साचायला वेगळी खोबण असते, १८९० चं पेटंट आहे. गिनेसची स्टाउट आणि हा पाइप एकाच शहरातले, याचा मला मनापासून आनंद होतो, पण त्याची किंमत खिशाला जड आहे आणि घाई करायचं कारण नाही.

पेटवायची पद्धत इथे फार महत्त्वाची आहे. भरताना तळाशी सैल, वर जरा घट्ट. पहिली काडी फक्त वरचा थर काळा करण्यापुरती. तंबाखू फुगून वर येते, ती टॅम्परने, म्हणजे तंबाखू दाबायच्या छोट्या दांडीने, हलकेच बसवायची आणि मगच दुसरी काडी. काडीच वापरा, पेट्रोलच्या लायटरचा वास पहिल्या घोटापर्यंत टिकतो. त्यानंतर झुरके इतके सावकाश की पाइप गालाला लावला तर सहन व्हावा. बिअर सोबत असली की हे आपोआप जमतं, कारण दोन झुरक्यांच्या मध्ये हात ग्लासाकडे जातो. विझला तर विझू द्यावा, पुन्हा पेटवण्यात काही कमीपणा नाही.

चखण्यात आपला नाशिकचा चिवडा मला अतिशय प्रिय, पण या बैठकीत तो चालत नाही. तळलेला कांदा, लसूण आणि तिखट मिळून तंबाखूची बारीक चव पार पुसून टाकतात. मिसळ तर नकोच. बिनमिठाचे भाजलेले शेंगदाणे आणि कडू चॉकलेट, बस. काळ्या मसाल्याचं मटण मात्र नंतर, पाइप ठेवून दिल्यावर, उरलेल्या स्टाउटबरोबर घ्या. तिथे तो भाजलेला कडवटपणा मसाल्यातल्या दगडफूल आणि खोबऱ्याशी असा जुळतो की भाकरी दोन जास्त जातात.

वाइनच्या गावात राहून बिअर कशाला, हेही विचारलं जातं. गावाचा मला अभिमान आहे. इथल्या लाल वाइन मी जेवणाबरोबर आवडीने घेतो. पाइपबरोबर मात्र लाल वाइनमधलं टॅनिन हे तुरट द्रव्य तोंड सुकवतं, धूरही सुकवतो, आणि दोघांत घसा कोरडा पडतो. स्टाउटला अंग असतं, ती तोंड ओलं ठेवते.

काळी बिअर म्हणजे जास्त चढणारी, हा समजही पक्का आहे. गिनेस ड्राफ्ट ४.२ टक्क्यांची आहे. आपल्याकडच्या स्ट्राँग बिअर ८ टक्क्यांपर्यंत जातात. रंगाचा आणि ताकदीचा संबंध नाही. लेबल वाचा. लेबल वाचताना तारीखही वाचा. शहरातल्या एका दुकानात मला मुदत उलटून गेलेली स्टाउट पूर्ण किमतीला दिली गेली. मागणी कमी म्हणून माल पडून राहतो, हे मी समजू शकतो, पण ती बिअर सोया सॉससारखी लागत होती आणि परत घ्यायला दुकानदार तयार नव्हता. म्हणून आता पैसे देण्याआधी कॅन उलटा करून बघतो. हव्या त्या सगळ्या बिअर इथे एका ठिकाणी मिळत नाहीत, निम्म्या मी मुंबईहून येणाऱ्या मित्राकडून मागवतो. परमिट जवळ ठेवतो. बाहेर कुठे बसून हे जमणार नाही, कारण २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे.

तब्येतीबद्दल स्पष्ट लिहितो. पाइपचा धूर छातीत ओढत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी आहे, हे खोटं आहे. धूर तोंडात राहतो, आणि तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचा धोका तंबाखू आणि दारू एकत्र आले की नुसत्या बेरजेपेक्षा जास्त वाढतो. म्हणूनच आठवड्यातून एकदा, एक पाइप आणि एक ग्लास, यापुढे मी जात नाही, आणि मधले काही शनिवार मुद्दाम सोडतो. दर सहा महिन्यांनी दातांच्या डॉक्टरांकडून तोंड तपासून घेतो. जे ओढत नाहीत त्यांनी हे वाचून सुरू करू नये. घरात लहान मूल असेल तर गच्चीवरसुद्धा ते झोपल्यावरच.

जे आधीपासून पाइप ओढतात आणि काळ्या बिअरकडे पहिल्यांदाच वळतायत, त्यांनी महागड्या बाटल्यांमागे लागू नये. कणसाचा पाइप, साधी बर्ली-व्हर्जिनिया आणि नायट्रोजनचा एक स्टाउट कॅन एवढ्यावर सुरुवात करा. कॅन फ्रीजमधून वीस मिनिटं आधी काढा. ती जोडी आवडली तर पुढच्या महिन्यात डंकेल आणि लटाकिया आणा, वेगळ्या पाइपात. पोर्टर आणि इंपीरियल स्टाउट या आणखी दोन गडद बिअरवर मी अजून पुरेसा वेळ दिलेला नाही. येत्या थंडीत, निफाडकडचा गारठा इकडे उतरला की, त्या घेऊन बसणार आहे.