ओढ्यातला गाळ कशात मोजायचा? बांधकामांवरच्या मर्यादेचे चार पर्याय

अमेरिकेतल्या एखाद्या वाढत्या उपनगरात तुम्ही राहत असाल आणि घरामागचा ओढा राज्याच्या बिघडलेल्या पाण्यांच्या यादीत गेला असेल, तर आज ना उद्या जनसुनावणीची नोटीस येतेच. विषय असतो टीएमडीएल: त्या ओढ्याला दिवसाला जास्तीत जास्त किती घाण झेपेल याचा आकडा, आणि तो कुणाकुणात कसा वाटायचा याचा तक्ता. मसुदा शे-दोनशे पानांचा असतो आणि लेखी मत द्यायला मुदत थोडीच मिळते. ओढ्याचं दुखणं गाळ असेल आणि वरच्या बाजूला बांधकामं चालू असतील, तर त्या मसुद्यात नेमकं काय मागायचं, एवढ्यापुरताच हा आढावा आहे.

आधी बांधकामालाच का धरायचं ते सांगतो. ईपीएच्या, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय पर्यावरण संस्थेच्या, जुन्या माहितीपत्रकातले आकडे आजही वापरले जातात. उघड्या बांधकामाच्या जागेवरून शेतजमिनीच्या १० ते २० पट आणि जंगलाच्या १,००० ते २,००० पट गाळ वाहून जातो. म्हणजे पाणलोटातली अगदी थोडी जमीन खणलेली असली, तरी तिचा वाटा तिच्या क्षेत्रफळाच्या मानाने फार मोठा असतो. हा गाळ वर्षभर सारखा येत नाही. चार-दोन जोरदार सरींत बहुतेक सगळा येऊन जातो आणि गोट्यांमधल्या फटी बुजवतो. पाण्यातल्या किड्यांच्या अळ्या त्या फटींतच राहतात. अळ्या गेल्या की मासे जातात. ओढा यादीत येतो तो बहुधा या अळ्यांची मोजणी कमी भरल्यामुळे.

मर्यादा घालण्याच्या रीती मुख्यतः चार आहेत: वर्षाला किती टन गाळ, पाण्याचा लोंढा किती, साइटवरून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा गढूळपणा किती, आणि साइटवर कोणती कामं किती दिवसांत. चारही कायद्याच्या कसोटीला लागलेल्या आहेत. पण प्रत्येकीचा निकाल वेगळा लागला.

टनांत मर्यादा

ही रूढ पद्धत. मॉडेल चालवून ओढ्याला किती गाळ चालेल ते काढतात. त्यातला काही भाग परवानाधारकांना देतात, काही शेती-जंगलाला, आणि थोडा चुकभूल म्हणून राखून ठेवतात. १ एकर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला परमिट लागतं, त्यामुळे ते परवानाधारकांच्या बाजूला मोडतं. पूर्वी बरेच आकडे वर्षाच्या हिशेबात दिले जात. २००६ मध्ये वॉशिंग्टन डीसीच्या अपील न्यायालयाने अ‍ॅनाकोस्टिया नदीच्या खटल्यात ठणकावलं की कायद्यात ‘दैनिक’ लिहिलंय, तर आकडा दिवसाचाच हवा.

या पद्धतीचा फायदा खरा आहे. शेतकरी, नगरपालिका, महामार्ग खातं आणि बिल्डर सगळे एकाच हिशेबात येतात, आणि कुणी आपला वाटा दुसऱ्यावर ढकलू शकत नाही. ओढ्याचं एकूण चित्र हवं असेल तर याला पर्याय नाही.

पण बांधकामापुरतं पाहिलं तर हा आकडा साइटपर्यंत पोचतच नाही. बांधकामं दरवर्षी जागा बदलतात. आज ज्या टेकडीवर खोदकाम आहे तिथे दोन वर्षांनी हिरवळ असते. म्हणून बहुतेक मसुद्यांत ‘बांधकाम’ नावाची एकच ओळ असते, सगळ्या साइट मिळून. मिनेसोटात काउंटीतली सरासरी किती टक्के जमीन बांधकामाखाली असते त्यावरून हा वाटा काढतात, आणि साइटने राज्याचं सर्वसाधारण (सगळ्या साइटना एकच असलेलं) परमिट पाळलं की वाटा पाळला असं धरतात. कागदावर हिशेब जुळतो. पण मंगळवारी दुपारी सर कोसळली आणि अमुक साइटवरून लाल पाणी ओढ्यात गेलं, तर तिने स्वतःच्या वाट्याचे किती टन ओलांडले, हे कुणालाच सांगता येत नाही. जी मर्यादा मोडल्याचं दाखवताच येत नाही ती बिल्डरला अडवणार कशी? मसुद्यात बांधकामाची ही एकच ओळ दिसली आणि तिच्याखाली ‘परमिट पाळलं की पुरे’ असं वाक्य असेल, तर तुमचा पहिला आक्षेप तिथेच नोंदवा.

लोंढ्याची मर्यादा

व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीतला अ‍ॅकोटिंक क्रीक या पद्धतीचं ठळक उदाहरण आहे. छपरं, रस्ते आणि पार्किंगमुळे तिथे पाऊस जिरत नाही. तो एकदम ओढ्यात येतो आणि काठ खरवडतो. गाळाचा मोठा भाग या खरवडलेल्या काठांचाच. खाली लेक अ‍ॅकोटिंक गाळाने भरत राहतो. तो २००८ मध्ये उपसला होता, पण पुन्हा उपसायचा खर्च इतका निघाला की २०२३ मध्ये काउंटीच्या प्रशासनानेच ‘नको’ अशी शिफारस केली.

ईपीएने २०११ मध्ये या ओढ्यासाठी वेगळा विचार केला. गाळ मोजण्याऐवजी गाळ आणणारा लोंढाच मोजायचा, आणि तो जवळपास निम्म्यावर आणायचा. विज्ञान म्हणून हे मला पटतं, कारण दुखण्याचं मूळ तिथेच आहे. पण राज्याचं वाहतूक खातं आणि काउंटी न्यायालयात गेले. जानेवारी २०१३ मध्ये न्यायाधीश लियाम ओ’ग्रेडी यांनी निकाल दिला की गाळ प्रदूषक आहे, पावसाचं वाहतं पाणी प्रदूषक नाही, त्यामुळे पाण्यावर टीएमडीएल घालायचा अधिकार ईपीएला नाही. ईपीएने अपील केलं नाही. मग राज्याने नव्याने अभ्यास करून गाळ आणि क्लोराइड यांसाठी वेगळे आकडे काढले, आणि त्यात २०१८ उजाडलं. ओढ्याची इतकी वर्षं वाया गेली याचं मला आजही वाईट वाटतं.

कनेक्टिकटमधल्या ईगलव्हिल ब्रुकला याच विचाराची सौम्य रीत लागली. तिथे २००७ मध्ये पाणलोटातल्या पाणी न जिरवणाऱ्या पृष्ठभागाचं लक्ष्य ११ टक्के ठरवलं. तिथलं विद्यापीठ आणि गाव सोबत आले, म्हणून ते चाललं.

बांधकाम संपल्यानंतरच्या वसाहतीसाठी लोंढ्याचा विचार हवाच. मात्र बांधकाम चालू असतानाच्या उघड्या मातीला तो लागू पडत नाही. छप्पर अजून चढलेलंच नसतं, आणि पाऊस बेताचा असला तरी पाणी गढूळच जातं.

साइटच्या तोंडाशी गढूळपणा

माझा कल इकडे आहे, म्हणून इथे जरा थांबतो. गढूळपणा एनटीयूमध्ये मोजतात. २५ एनटीयूचं पाणी जेमतेम धूसर दिसतं, २५० चं दुधाच्या चहासारखं. मीटर हातात मावतो आणि आकडा मिनिटभरात मिळतो. टनांच्या मॉडेलला हे जमत नाही.

ईपीएने २००९ मध्ये देशभर एकच आकडा लावायचा प्रयत्न केला: दिवसाची सरासरी २८० एनटीयू, आधी २० एकरांवरच्या आणि पुढे १० एकरांवरच्या साइटना. खर्चाचा अंदाज वर्षाला ९५ कोटी ३० लाख डॉलर होता, आणि थांबणारा गाळ ४०० कोटी पौंड. बिल्डरांच्या संघटना न्यायालयात गेल्या. २८० हा आकडा काढतानाच्या हिशेबात चूक असल्याचं ईपीएला मान्य करावं लागलं. जानेवारी २०११ मध्ये मर्यादा स्थगित झाली आणि २०१४ मध्ये नियमातून काढून टाकली. कॅलिफोर्नियातही २००९ च्या परमिटमध्ये सर्वांत धोक्याच्या साइटना ५०० एनटीयूची पक्की मर्यादा होती. २०११ च्या डिसेंबरमध्ये न्यायालयाने पुरेशा पुराव्याअभावी ती रद्द केली. तिथे टिकला तो २५० चा इशारा-आकडा. तो ओलांडला की दंड नाही, पण साइटवर काय चुकलं ते शोधून दुरुस्त करणं बंधनकारक आहे.

दोन्ही प्रकरणांवरून ‘आकडा टिकत नाही’ असं बिल्डरांचे वकील सुनावणीत सांगतील. ते अर्धवट आहे. पडले ते सगळ्या साइटना, सगळ्या मातीला एकच तंत्राधारित (उपलब्ध तंत्राने काय साधेल त्यावरून काढलेला) आकडा लावणारे नियम. वॉशिंग्टन राज्याचा आकडा मात्र वर्षानुवर्षं चालू आहे, कारण तो पायऱ्यांचा आहे. साध्या ओढ्यावर २५ एनटीयू ओलांडले की उपाय सुधारायचे. २५० गाठले की २४ तासांत राज्याच्या पर्यावरण खात्याला फोन करायचा आणि पाणी निवळेपर्यंत रोज नमुना घ्यायचा. ओढा गढूळपणासाठी, बारीक गाळासाठी किंवा फॉस्फरससाठी बिघडलेल्या यादीत असेल तर तोच २५ सूचना न राहता पक्की मर्यादा होतो. ज्या ओढ्याची तब्येत आधीच ढासळलीय तिथे नियम कडक, हे न्यायालयालाही समजावून सांगता येतं.

लहान साइटला मीटर परवडत नाही, ही तक्रार नेहमी येते. वॉशिंग्टनने त्यावर सोपा मार्ग ठेवलाय. ५ एकरांखालच्या साइटला पारदर्शक नळी चालते. उभी नळी, तळाशी काळी-पांढरी खूण. नळी साइटच्या पाण्याने भरायची, वरून डोकावायचं आणि खूण दिसेपर्यंत खालच्या तोटीतून पाणी सोडत राहायचं. ३३ सेंटिमीटर किंवा अधिक उंचीच्या पाण्यातून खूण दिसली तर ठीक. ६ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी उरल्यावरच दिसली तर फोन करायचा. मुकादमाला हे पाच मिनिटांत शिकवता येतं.

अडचणीही आहेत. वाळू तळाशी काही सेकंदांत बसते, पण २ मायक्रॉनचा चिकणमातीचा कण स्थिर पाण्यात दिवसाला जेमतेम ३० सेंटिमीटर उतरतो. मीटरभर खोल गाळतळ्यात तो तळाला जायला तीन दिवस लागतात, आणि तोवर दुसरी सर येते. व्हर्जिनिया-जॉर्जियाच्या लाल चिकणमातीत नुसत्या तळ्याने २५ एनटीयू गाठणं अवघड आहे. तिथे कायटोसानसारखं गाळ धरणारं द्रव्य लागतं, ते योग्य मापात टाकणारा माणूस लागतो, आणि त्याचा अतिरेक झाला तर माशांना अपाय होतो. जॉर्जिया म्हणूनच एक आकडा न लावता तक्ता वापरतं. साइट केवढी, ओढ्याचा पाणलोट केवढा आणि तो ट्राउट माशांचा ओढा आहे का, यावरून एनटीयू ठरतो.

कामांची यादी

चौथ्या पर्यायात आकडा नाहीच, काय करायचं ते सांगायचं. ईपीएचं २०२२ चं बांधकाम परमिट मॅसॅच्युसेट्स, न्यू हॅम्पशायर, न्यू मेक्सिको आणि डीसीत थेट लागू आहे. त्यात गाळाने बिघडलेल्या पाण्याच्या वर असलेल्या साइटने काम थांबलेली उघडी माती ७ दिवसांत झाकायची, दर ७ दिवसांनी तपासणी करायची, शिवाय पाव इंच पाऊस पडला की पुन्हा करायची. खड्ड्यातलं पाणी उपसून सोडायचं तर ५० एनटीयूचा निकष आहे. जॉर्जियात बिघडलेला ओढा एक मैलाच्या आत असेल तर यादीतले किमान चार जादा उपाय करावे लागतात.

माती लवकर झाकणं हा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत परिणामकारक उपाय आहे, आणि मी तो कुठल्याही पर्यायासोबत मागेन. निव्वळ यादीची कमजोरी मात्र साइटवर गेलं की दिसते. सिल्ट फेन्सचं, म्हणजे गाळ अडवायच्या कुंपणाचं, काळं कापड दिमाखात उभं असतं, पण खालची कड चरात पुरलेली नसते. पाणी कापडाखालून सरळ निघून जातं. तपासणीच्या फॉर्मवर ‘सिल्ट फेन्स: आहे’ अशी खूण होते आणि ती खोटीही नसते. पाणी मोजलं असतं तर कापडाखालची फट त्याच दिवशी सापडली असती.

२०२५ च्या निकालाने काय बदललं

पूर्वी परमिटमध्ये सगळ्याला पुरून उरणारं एक वाक्य असायचं: तुमच्या पाण्यामुळे ओढ्याचा दर्जा बिघडता कामा नये. यादी अपुरी पडली तरी या वाक्यावर नागरिक खटला भरू शकत. ४ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सॅन फ्रान्सिस्को शहराच्या खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की अशी केवळ शेवटच्या परिणामाची अट ईपीएला घालता येणार नाही, काय करायचं ते स्पष्ट लिहावं लागेल. म्हणजे आता जे नेमकं लिहिलेलं नाही त्याचा आधार घेता येणं कठीण. मसुद्यातला प्रत्येक मोघम शब्द यापुढे ओढ्याला महाग पडेल.

भारतातल्या वाचकांसाठी इथेच एक नोंद. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यांत सर्वाधिक, ५३, महाराष्ट्रातले होते. पण ती यादी बीओडीवर, म्हणजे मुख्यतः सांडपाण्याच्या घाणीवर आधारलेली आहे. डोंगरउतारावरच्या खोदकामाच्या गाळाने ओढा भरला तर तो त्या यादीत येत नाही. त्यामुळे वरच्या वाटणीची चर्चा तिथे सुरूच होत नाही. गाळ मोजणं ही तिथली पहिली मागणी असायला हवी.

मी काय मागेन

टनांचा हिशेब राहू द्या, पण बांधकामाच्या ओळीखाली साइटच्या तोंडाशी मोजायचा एनटीयू लिहून घ्या. स्थानिक माती पाहून ठरवलेला, दोन पायऱ्यांचा, आणि यादीतल्या ओढ्यावर, वॉशिंग्टनसारखी, कमी आकड्याची पायरीच सक्तीची. माती वाळूची असेल तर २५ च्या आसपास आग्रह धरा. चिकणमातीत सुरुवातीचा आकडा जास्त असला तरी चालेल, मात्र तो कोणत्या नमुन्यांवरून काढला हे मसुद्यात छापलेलं हवं, नाहीतर २८० ची गत होईल. असाधारण पावसाला सूट मागितली जाईलच. ती द्यायला हरकत नाही, पण ‘असाधारण’ म्हणजे किती इंच ते लिहा. २००९ च्या नियमात दोन वर्षांतून एकदा येणाऱ्या २४ तासांच्या पावसापलीकडे सूट होती, कॅलिफोर्नियात पाच वर्षांतल्या. यादीतल्या ओढ्यासाठी पाच वर्षांचाच धरा. नमुना बिल्डरचाच माणूस घेणार असेल तर आकडे त्याच आठवड्यात सार्वजनिक व्हायला हवेत.

काउंटीकडे तपासनीस अगदीच कमी असतील, तर मी एनटीयूपेक्षा माती झाकायच्या ७ दिवसांवर जास्त भर देईन. उघडा उतार रस्त्यावरूनही दिसतो, त्याचा फोटो कुणीही काढू शकतं.

शेवटची गोष्ट वेळापत्रकाची. राज्याने टीएमडीएल पाठवला की ईपीएला ३० दिवसांत मंजूर-नामंजूर करावा लागतो, पण मंजुरी मिळाली म्हणून साइटवर लगेच काही बदलत नाही. आकडा परमिटमध्ये उतरावा लागतो, आणि परमिटं ५ वर्षांची असतात. ईपीएचं सध्याचं फेब्रुवारी २०२७ मध्ये संपतं. तुमच्या राज्याचं कधी संपतं ते बघा, आणि नव्या परमिटच्या मसुद्यात हा आकडा घातला जाईल असं तारखेसकट टीएमडीएलमध्येच लिहून मागा.