सीताखाईच्या पाहणीत हातातला जीपीएस : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळच्या सीताखाई या खोल दरीच्या काठाने आणि शक्य तिथे तिच्या तळापर्यंत पदभ्रमणाची वाट आखावी, तसेच जिओकॅशिंगसाठी, म्हणजे लपवलेला डबा जाहीर केलेल्या अक्षांश-रेखांशांवरून शोधण्याच्या खेळासाठी, योग्य जागा हेराव्यात, या हेतूने गेल्या दिवाळीनंतर मी हातात धरण्याचा एक जीपीएस संच विकत घेतला. तो बटणांचा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा, वायुदाबावरून उंची सांगणारा आणि उपग्रहांचे संकेत एकाच वारंवारितेवर (फ्रिक्वेन्सीवर) घेणारा, मधल्या किमतीचा संच आहे. हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळ्याची सुरुवात अशा तिन्ही हवामानांत तो वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, दरीच्या काठावर त्याच्यावर निर्धास्तपणे विसंबावे. तळात मात्र त्याने दाखवलेला आकडा नकाशाशी, कातळाशी आणि वाटाड्याच्या सांगण्याशी ताडून पाहिल्याशिवाय वहीत उतरवू नये.

जिओकॅशिंग हा खेळ उपग्रहांच्या अचूकतेवरच उभा आहे. अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक मे २००० च्या आरंभी काढून टाकली आणि लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर यांनी ओरेगॉन राज्यात पहिला डबा ठेवून त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. या खेळात स्थान अंश आणि दशांश मिनिटांत लिहितात. मिनिटाचा हजारावा भाग अक्षांशात सुमारे १.८५ मीटर होतो, म्हणजे शेवटचा आकडा दहाने चुकला तरी शोधणारा माणूस अठरा मीटर दूर जातो. माळावर अठरा मीटर ही चार झुडपे पलीकडची गोष्ट आहे; सीताखाईत तेवढ्या अंतरात सरळ तुटलेला कडा येऊ शकतो.

तळात आकडे का बिघडतात, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. स्थान ठरवायला किमान चार उपग्रह दिसावे लागतात आणि ते आकाशात चहूकडे पांगलेले असले, तरच उत्तर नेमके येते. अरुंद दरीत डोक्यावर आकाशाची केवळ एक पट्टी उरते. दिसणारे उपग्रह त्या पट्टीत, जवळपास एका रेषेत येतात. त्यामुळे दरीच्या लांबीच्या दिशेने चूक कमी राहते आणि आडव्या दिशेने ती वाढते. त्यात भर म्हणजे ओल्या कातळावर आपटून आलेला संकेत थेट संकेतापेक्षा लांबचा प्रवास करून येतो आणि संच त्यालाही खरा मानतो. नाल्याच्या पात्रात एका मोठ्या धोंड्याजवळ मी उभा असताना पडद्यावरचा बाण पलीकडच्या भिंतीच्या अर्ध्या उंचीवर दिसत होता, आणि कोपऱ्यातला अचूकतेचा आकडा मात्र समाधानकारक होता. तो आकडा हा संचाचा स्वतःचाच अंदाज असतो, हे नवीन घेणाऱ्याने लक्षात ठेवावे.

यावर एकाच जागेच्या अनेक नोंदींची सरासरी घेण्याची संचातली सोय खरोखर उपयोगी पडली, पण ती कशी वापरायची ते माहितीपत्रकात नीट सांगितलेले नाही. एकाच जागी सलग अर्धा तास थांबून सरासरी काढली, तर उपग्रहांची मांडणी फारशी बदलत नाही आणि तीच चूक पुन्हा पुन्हा मोजली जाते. जीपीएसच्या उपग्रहांची मांडणी रोज सुमारे चार मिनिटे आधी पुन्हा तशीच येते. म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच वेळी जाण्यातही अर्थ नाही. सकाळी एकदा आणि दुपार उलटल्यावर एकदा, अशा वेगवेगळ्या वेळांच्या नोंदींची सरासरी धोंड्याच्या खऱ्या जागेशी पुष्कळच जुळली. सोबतच्या मित्राकडे उपग्रहांच्या एल-१ आणि एल-५ अशा दोन वारंवारितांवरचे संकेत वाचणारा महाग संच होता. परावर्तित संकेत वेगळा ओळखण्यात तो स्पष्टपणे सरस ठरला. त्याची तळातली वाट नाल्याच्या पात्रातच राहिली, तर माझी वाट दोन्ही काठांवर हेलकावत गेली. दरीच्या काठावर मात्र दोघांच्या रेषा एकमेकींवर बसल्या.

उंचीमापकाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण खोल दरीत मला सर्वांत जास्त उपयोग त्याचाच झाला. तोरणमाळच्या उंचीवर वायुदाबात एक हेक्टोपास्कलचा (हे वायुदाबाचे एकक) फरक पडला की उंची सुमारे नऊ मीटरने बदललेली दिसते. आपल्या पट्ट्यात वायुदाब रोज सकाळी दहाच्या सुमारास चढतो आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो. हा फरक तीन-चार हेक्टोपास्कल सहज असतो. म्हणजे एकाच दगडावर बसून राहिले, तरी दुपारपर्यंत संच आपल्याला पंचवीस-तीस मीटर वर नेऊन बसवतो. हा संचाचा दोष नाही, हवेचा स्वभाव आहे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावर ज्याची उंची दिली आहे असा बिंदू गाठून तिथे मापक जुळवून घ्यायचे आणि दर दोन-तीन तासांनी ओळखीच्या जागी ते पुन्हा तपासायचे, एवढी शिस्त पाळली की उताराचे आकडे इतके सुसंगत येतात की, धुक्यात वाट दिसत नसतानाही आपण कोणत्या टप्प्यावर आहोत ते कळते.

टप्पा हा शब्द इथे फार महत्त्वाचा आहे. सातपुड्याचा हा भागही दख्खनच्या अग्निजन्य कातळाचा आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक साचले. त्यांतील घट्ट थरांचे सरळ कडे झाले आणि मधल्या मऊ, झिजलेल्या थरांच्या अरुंद पट्ट्या राहिल्या. वाट असते ती या पट्ट्यांवरून. पण १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, उंचीच्या वीस मीटरच्या अंतराने असतात, त्यामुळे पंधरा मीटरचा सरळ कडा दोन रेषांच्या मध्ये अलगद लपून जातो. संचातला नकाशा उपग्रहावरून घेतलेल्या उंचीच्या आकड्यांवर बेतलेला असल्याने तो कड्याची धार आणखीच गुळगुळीत करतो. एका घळीतून संचाने सौम्य उतार दाखवला होता आणि मी तिकडे वळणार, तोच आमच्या पावरा या आदिवासी समाजातल्या वाटाड्याने हात आडवा धरला. “भाऊ, इथून नका उतरू, पुढे तुटलेलं आहे. आमची ढोरं त्या सागांकडून उतरतात.” सागांकडची ढोरवाट घसाऱ्याची होती, पण ती मऊ थराच्या पट्टीला नेमकी येऊन मिळाली. आता माझ्या नोंदवहीत अशा सर्व ढोरवाटा संचावर नोंदलेल्या आहेत, आणि विकत घेतलेल्या कोणत्याही नकाशापेक्षा मला त्या अधिक मोलाच्या वाटतात.

बाकीच्या बाबी थोडक्यात. ओल्या हातांनी बटणे उत्तम चालतात; पावसात मोबाईलचा पडदा हट्ट करतो तेव्हा हे विशेष जाणवते. तोरणमाळच्या हिवाळी पहाटेच्या गारठ्यात साध्या अल्कलाइन सेलनी लवकर मान टाकली, चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल मात्र दिवसभर पुरले. चार्जिंगच्या जागेवरचे रबरी झाकण सैल होऊ लागले आहे, आणि दुरुस्ती केंद्राकडून त्याचे अद्याप उत्तर नाही. नाव टाइप करायला बटणांनी फार वेळ लागतो, म्हणून मी बिंदूंना केवळ क्रमांक देतो.

जागा निवडताना अचूकतेइतकाच परवानगीचा विचार करावा लागतो. डबे एकमेकांपासून किमान १६१ मीटर दूर असावेत आणि ते जमिनीत पुरू नयेत, असे या खेळाचे नियम आहेत; वनखात्याच्या हद्दीत त्यांच्या लेखी संमतीशिवाय काहीही ठेवू नये. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या परिसरात मी हाच संच घेऊन फिरलो. धवलतीर्थ, केदारकुंड, भोवतीचे कडे हे सारे मोहात पाडणारे आहे, पण तो परिसर गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो आणि तिथे डबा ठेवण्याचा विचारही करू नये, असे माझे ठाम मत आहे. अशा ठिकाणी अर्थकॅश हा प्रकार योग्य ठरतो. त्यात डबा नसतो. येणाऱ्याने कातळाचे थर पाहून प्रश्नांची उत्तरे द्यायची असतात. सीताखाईसाठीही मी आता तोच प्रस्ताव तयार केला आहे. त्याचा बिंदू तळात न घेता काठावर घेतला आहे, जिथून कड्याचे थर एकाखाली एक मोजता येतात आणि कोणाचाही संच तोच आकडा दाखवतो.

केवळ काठाने फिरणाऱ्याला चांगला मोबाईल आणि आधी उतरवून घेतलेला नकाशा पुरेसा आहे. त्याने या संचावर पैसे घालू नयेत. पावसात, थंडीत आणि दिवसभर नेटवर्कविना चालणाऱ्याने हा संच जरूर घ्यावा. ज्याला दरीच्या तळातले बिंदू नेमके हवे आहेत, त्याने थोडे थांबून, जास्त पैसे साठवून दोन वारंवारितांचाच संच घ्यावा.