बोन मॅरोची फ्लो सायटोमेट्री, लॅबचा अनुभव

भाचीला बी-एएलएल (बी पेशींचा ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर) निघाल्यापासून तिच्या बोन मॅरोची फ्लो सायटोमेट्री (पेशींवरच्या प्रोटीनच्या खुणांवरून पेशी ओळखायची टेस्ट) पुण्यातल्या एकाच लॅबमध्ये करतोय आणि काम खरंच चोख आहे. नुसतं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह लिहून मोकळे होत नाहीत, सीडी45 (पांढऱ्या पेशींवरची अशीच एक खूण) चा ग्राफ लावून टी सेल कुठल्या, एनके कुठल्या, नॉर्मल बी सेल कुठल्या आणि ब्लास्ट म्हणजे कॅन्सरच्या कोवळ्या पेशी कुठे ते रंगांनी वेगळं दाखवतात. केमोनंतर मॅरो सावरताना कोवळ्या नॉर्मल बी पेशी वाढतात, हिमॅटोगोन्स म्हणतात त्यांना, त्यांच्यावरपण सीडी10 आणि सीडी19 असतं त्यामुळे पटकन ल्युकेमियाच वाटतो, आमच्या रिपोर्टमध्ये त्या हिमॅटोगोन्सच आहेत असं स्पष्ट लिहिलेलं वाचलं तेव्हा जीव भांड्यात पडला. तिथल्या मॅडमनी फोनवर शांतपणे समजावलं की एमआरडीत (उपचारानंतर उरलेल्या कॅन्सर पेशींच्या तपासणीत) 0.01 टक्के म्हणजे 10,000 पेशींत एक शोधायची असते, म्हणून सुईतून पहिल्यांदा ओढलेला मॅरोच फ्लोला पाठवायला सांगा, नंतरच्यात रक्त मिसळत जातं. एकच तक्रार, रविवारी सॅम्पल घेत नाहीत, आणि पेशी जिवंत असतानाच टेस्ट व्हायला हवी, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी मॅरो काढणार असतील तर आधी लॅबला फोन करा.