स्टेरॉइड सायकलच्या जोडीला थायरॉइडची गोळी: टी-थ्री, टी-फोर की काहीच नाही?

बॉडीबिल्डिंगच्या स्पर्धेला दोन-तीन महिने उरले की ठाण्यात वागळे इस्टेटपासून घोडबंदर रोडपर्यंतच्या जिममध्ये एकच प्रश्न फिरायला लागतो. स्टेरॉइडची सायकल, म्हणजे ठरावीक आठवड्यांचा कोर्स, सुरू आहे; टेस्ट (टेस्टोस्टेरॉन) चालू आहे, विनी (स्टॅनोझोलॉल) चालू आहे, तरी पोटाखालची चरबी हटत नाही. मग सोबत थायरॉइड हार्मोनची गोळी, टी-थ्री लावू की टी-फोर? विचारणाऱ्याचं निम्मं ठरलेलंच असतं, त्याला फक्त कुणाचा तरी होकार हवा असतो.

माझा होकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. डोसही इथे मिळणार नाही. निरोगी थायरॉइड असलेल्या माणसाने स्टेरॉइडसोबत ही गोळी किती घ्यावी याचं कुठलंही वैद्यकीय प्रमाण नाही. जिममध्ये फिरणारे आकडे एकाने दुसऱ्याला सांगितलेले असतात, बस्स. पण पर्याय शेजारी-शेजारी ठेवून बघायला हरकत नाही, कारण टी-थ्री आणि टी-फोर यांचे धोके एकसारखे नाहीत.

आधी हातातला रिपोर्ट

बऱ्याच जणांच्या डोक्यात ही गोळी एका रिपोर्टमुळे शिरते. लॅबच्या स्वस्त पॅकेजमध्ये टोटल टी-थ्री, टोटल टी-फोर आणि टीएसएच (थायरॉइडला काम करायला सांगणारा, मेंदूखालच्या ग्रंथीतला हार्मोन) असतं. सायकलवरच्या मुलाचा टोटल टी-फोर खाली आलेला दिसतो आणि कोच सांगून मोकळा होतो, ‘थायरॉइड स्लो झालाय.’

झालेलं असतं वेगळंच. रक्तातला ९९.९ टक्क्यांहून जास्त टी-फोर प्रथिनांना चिकटून फिरतो. त्यातलं मुख्य प्रथिन, टीबीजी, यकृतात बनतं आणि अॅनाबॉलिक स्टेरॉइडमुळे ते कमी बनतं. वाहून नेणारं प्रथिन घटलं की टोटलचा आकडा घटणारच. पेशींच्या उपयोगी पडणारा मोकळा हिस्सा, म्हणजे फ्री टी-फोर, साधारण जागेवरच असतो आणि टीएसएचही. थोडक्यात, ग्रंथी ठणठणीत आहे आणि कमतरता फक्त कागदावर आहे. त्या कागदावर विसंबून गोळी सुरू करणं म्हणजे नसलेल्या आजारावर उपचार. ठरवायचंच असेल तर टीएसएच आणि फ्री टी-फोर बघा.

त्यातही एक मेख आहे. स्टेरॉइडने केस गळायला लागले की पोरं बायोटिनच्या मोठ्या गोळ्या खातात. लॅबमधल्या बऱ्याच यंत्रांना बायोटिन चकवतं: टीएसएच खोटंच कमी आणि फ्री टी-फोर खोटाच जास्त दिसतो. रक्त द्यायच्या आधी किमान दोन दिवस ते बंद ठेवा आणि घेत होतो हे लॅबला सांगा.

कडक डाएटमध्ये टी-थ्री खरोखरच घटतो, हे मान्य. खाणं कमी झालं की शरीर टी-फोरचा काही भाग रिव्हर्स टी-थ्री या निष्क्रिय रूपाकडे वळवतं आणि खर्च आवरतं. तो आजार नाही. पोटभर खायला लागलात की आकडा परत वर येतो.

टी-थ्री की टी-फोर

टी-थ्री हा थेट काम करणारा हार्मोन. गोळी घेतल्यावर काही तासांत रक्तातली पातळी उसळते आणि साधारण एका दिवसात निम्मी होते. म्हणून ‘लागली’ हे लगेच जाणवतं: घाम, हाताला कंप, झोप उडालेली, नाडी धावणारी. मायक्रोग्रॅममध्ये मोजायचं औषध असल्यामुळे चुकीला जागा फार कमी. बाटलीतून थेंबाने घेतलेल्या, कुणी बनवला ते माहीत नसलेल्या मालात तर लेबलवरच्या आकड्यावर भरवसा ठेवायलाच नको.

टी-फोर घराघरांत माहितीची गोळी आहे. आई, मावशी, कुणी ना कुणी सकाळी उपाशीपोटी थायरोनॉर्म किंवा एल्ट्रॉक्सिन घेतच असते. त्यामुळे ती निरुपद्रवी वाटते. ती शरीराला टी-थ्रीमध्ये बदलून घ्यावी लागते आणि डाएटमध्ये नेमकं तेच बदलणं मंदावलेलं असतं. पहिल्या आठवड्यात काही जाणवत नाही, म्हणून गोळी वाढवली जाते. इथे फसगत होते. टी-फोरची पातळी निम्मी व्हायला सुमारे सात दिवस लागतात आणि ती साठत साठत पाच-सहा आठवड्यांनी स्थिरावते. धडधड सुरू झाल्यावर टी-थ्री बंद केली तर काही दिवसांत उतार पडतो. टी-फोर बंद केल्यावर काही आठवडे भोगावं लागतं. टी-थ्री चटकन चटका देते, टी-फोर उशिरा देते आणि सोडायलाही वेळ घेते. ‘सौम्य’ हा शब्द मी दोघींपैकी एकीलाही लावणार नाही.

अमेरिकेत टी-फोरच्या माहितीपत्रकावर चौकटीत इशारा असतो: थायरॉइड हार्मोन वजन कमी करण्यासाठी वापरू नयेत. थायरॉइड नीट असलेल्यांचं वजन नेहमीच्या डोसने उतरत नाही आणि मोठा डोस जिवावर बेतू शकतो, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे.

स्नायू आणि हृदय

‘स्टेरॉइड चालू असताना टी-थ्री मसल खात नाही’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. त्यात थोडं तथ्य आहे. अँड्रोजेन, म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारखे पुरुषी हार्मोन, स्नायूंची झीज रोखतात. पण थायरॉइड हार्मोन प्रथिनांचं बनणं आणि मोडणं दोन्ही वाढवतो आणि तो जास्त झाला की मोडणं पुढे जातं. हायपरथायरॉइडच्या (थायरॉइड जास्त असलेल्या) रुग्णांना खुर्चीतून उठायला, जिना चढायला त्रास होतो तो यामुळेच; मांड्या आणि खांदे आधी गळतात. काट्यावर उतरलेले किलो सगळे चरबीचे नसतात.

आणि समजा मसल वाचलं, तरी हृदयाचं काय? स्टेरॉइड एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) पाडतात, रक्त घट्ट करतात, रक्तदाब चढवतात, डाव्या कप्प्याची भिंत जाड करतात. टी-थ्री त्याच हृदयाला जास्त वेगाने आणि जास्त जोराने पळवते. अॅट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोक्यांची लय बिघडणं, हा तिचा जुना आणि माहितीतला दुष्परिणाम. वर क्लेन (चरबी जाळायला घेतलं जाणारं क्लेनब्युटेरॉल) आणि प्री-वर्कआउट पावडरमधलं कॅफीन आलं की नाडी कुणाच्याच ताब्यात राहत नाही. त्यात ठाण्याचा मे महिना! थायरॉइड जास्त असलेल्या शरीराला उकाडा आधीच सहन होत नाही.

‘वाडाच्या (जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या) बंदी यादीत थायरॉइड नाही, मग काय बिघडतं?’ असाही एक युक्तिवाद असतो. ती यादी डोपिंगची आहे, तुमच्या हृदयाची जबाबदारी तिने घेतलेली नाही. शिवाय जोडीची स्टेरॉइड त्या यादीत आहेतच.

बंद केल्यावर

बाहेरून हार्मोन आला की टीएसएच दबतं. निरोगी ग्रंथी सावरते, पण त्याला काही आठवडे जातात. स्पर्धा संपल्यावर पोरं सगळं एकदमच सोडतात. म्हणजे टेस्टोस्टेरॉनही खाली (त्याला तर कधीकधी महिने लागतात) आणि थायरॉइडही खाली. थकवा, उदासी, झरझर परत येणारं वजन. यातलं कशामुळे काय होतंय ते डॉक्टरलाही पटकन सांगता येत नाही.

खरंच हायपोथायरॉइड (थायरॉइड कमी) असेल तर

मग टी-फोर हे तुमचं औषध आहे आणि ते डॉक्टर ठरवतील तेवढंच. टीएसएच जागेवर असताना ‘कटिंगसाठी’, म्हणजे चरबी उतरवायला, एक गोळी वाढवणं हा ओव्हरडोसच. उलट, टीबीजी घटल्यामुळे स्टेरॉइड सुरू केल्यावर तीच जुनी गोळी काहींना जास्त होऊ शकते. सायकल डॉक्टरपासून लपवू नका. सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासावं लागेल.

‘काहीच नाही’

हा पर्याय कंटाळवाणा आहे, खोटं कशाला बोलू. डाएट महिनाभर आधी सुरू करायचं, आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्काच उतरवायचं, किलोमागे दोनेक ग्रॅम प्रथिनं, जड सेट सोडायचे नाहीत आणि मामलेदारची मिसळ तेवढे महिने विसरायची. स्टेरॉइडचा धोका यात उरतोच, तोही सोडलात तर उत्तम. पण निदान त्यावर दुसरा धोका चढत नाही.

ज्यांनी आधीच सुरू केलं आहे त्यांनी एन्डोक्रायनॉलॉजिस्टला (हार्मोनच्या डॉक्टरला) गाठून सगळी नावं सांगावीत. बसल्या जागी नाडी शंभरच्या वर राहत असेल, छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता कळव्याच्या महापालिका रुग्णालयात किंवा जवळच्या कॅज्युअल्टीत जा. आणखी एक लक्षण जिममध्ये कुणी सांगत नाही: भरपूर भात-गोड खाऊन झोपल्यावर किंवा जोरदार वर्कआउटनंतर पाय अचानक उचलेनासे होणं. थायरॉइड जास्त झालेल्या आशियाई पुरुषांत पोटॅशियम झपकन खाली जाऊन असा लुळेपणा येतो. स्पर्धेनंतरच्या खादाडीत ही भीती जास्त, आणि पाणी काढायच्या गोळ्या घेतल्या असतील तर आणखी. ‘क्रॅम्प असेल’ म्हणून पाय चोळत बसू नका. तातडीने ईसीजी आणि पोटॅशियम बघायला सांगा आणि गोळीचं नाव पहिल्याच वाक्यात सांगा.